मृत्युदंड, अपवाद आणि दुरुस्ती : स्वातंत्र्योत्तर भारतातील फाशीच्या शिक्षेचा ऐतिहासिक विचार (महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

आधुनिक समाजात मृत्युदंडाची शिक्षा समर्थनीय आहे काय, हा प्रश्न बहुधा तत्त्वज्ञानाचा किंवा नीतिशास्त्राचा म्हणून चर्चिला जातो. वक्तृत्व स्पर्धांमध्ये तो वर्षानुवर्षे ठेवलेला विषय आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे युक्तिवाद आता पाठ झाल्यासारखे झाले आहेत. एका बाजूने जरब, प्रतिशोध आणि पीडितांना न्याय. दुसऱ्या बाजूने जीविताचे पावित्र्य, सुधारणेची शक्यता आणि चुकीची भीती. या मांडणीत एक उणीव राहते. शिक्षा ही केवळ कल्पना नसून ती राबविणारी एक यंत्रणा असते, आणि त्या यंत्रणेला इतिहास असतो. अमुक गुन्हेगार मरणास पात्र आहे काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आले तरी त्यातून दुसरा प्रश्न सुटत नाही. तो गुन्हेगार नेमका कोण, हे ठरविणाऱ्या पोलीस, न्यायालये आणि शासन या संस्थांवर जी गोष्ट पुन्हा दुरुस्त करता येत नाही ती सोपवावी काय? प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार स्वातंत्र्योत्तर भारताच्या, विशेषतः महाराष्ट्राच्या, न्यायालयीन इतिहासाच्या आधारे केला आहे.

पार्श्वभूमी

महाराष्ट्राला देहदंड नवीन नाही. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनानंतर रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगितल्याची परंपरा मराठी मनाने न्यायनिष्ठेचा आदर्श म्हणून जपली आहे. १७९१ मध्ये पुण्याचा कोतवाल घाशीराम याला जमावाने दगडांनी ठेचून मारले, ही घटना मात्र आपण नाट्यविषय म्हणून लक्षात ठेवतो. वास्तविक या दोन आठवणी शेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. एकीत शास्त्राने दिलेले मरण आहे, दुसरीत संतापाने दिलेले. पुढील काळातील फाशीच्या चर्चेत हे दोन्ही सूर वारंवार एकमेकांत मिसळलेले दिसतात.

इंग्रजी अमलात या शिक्षेला लेखी आणि एकसारखे रूप आले. १८६० चा भारतीय दंड संहिता कायदा १ जानेवारी १८६२ पासून अमलात आला आणि खुनासाठी मरण किंवा काळे पाणी अशा दोन शिक्षा ठरल्या. मात्र १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने या दोन शिक्षांपैकी एकीला झुकते माप दिले. फाशीस पात्र गुन्ह्यात न्यायाधीशाने फाशी दिली नाही, तर ती का दिली नाही याची कारणे त्याला नोंदवावी लागत. म्हणजे मरण हा नियम आणि जीवदान हा खुलासा मागणारा अपवाद होता. दामोदर हरी चाफेकर यांना १८९८ मध्ये व त्यांच्या बंधूंना १८९९ मध्ये येरवड्यास, अनंत कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९१० मध्ये ठाण्यास आणि सोलापूरच्या चौघा हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुन्हा येरवड्यास फाशी देण्यात आले. या फाश्यांमुळे मराठी समाजात वधस्तंभाभोवती हौतात्म्याचे वलय निर्माण झाले. परंतु सामान्य फौजदारी गुन्ह्यांत फाशी गेलेल्यांविषयी मात्र फारसा विचार झाला नाही. १९३१ मध्ये गयाप्रसाद सिंग यांनी केंद्रीय विधिमंडळात ही शिक्षा रद्द करण्याचे विधेयक मांडले होते. ते फेटाळले गेले.

याच काळात सह्याद्रीच्या खाली, गोमंतकात, वेगळी व्यवस्था होती आणि तिचा उल्लेख आपल्याकडील चर्चेत क्वचितच होतो. पोर्तुगालने नागरी गुन्ह्यांसाठीची फाशी १८६७ मध्ये रद्द केली आणि १८७० मध्ये ती सुधारणा आपल्या वसाहतींनाही लागू केली. १७८७ च्या पिंटोंच्या कटातील पंधरा जणांना पणजीत निर्घृणपणे मारणाऱ्या राजवटीनेच पुढे शंभर वर्षांच्या आत फाशीचा दोर गुंडाळून ठेवला. यावरून ती राजवट दयाळू होती असा अर्थ काढणे भाबडेपणाचे ठरेल. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणारी सत्ता हीच होती. फाशी नसणे म्हणजे न्याय असणे नव्हे. तरीही एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. गोवा मुक्ती लढ्यात सशस्त्र भाग घेतलेले मोहन रानडे यांना दीर्घ कारावासाची शिक्षा होऊन पोर्तुगालच्या तुरुंगात नेण्यात आले, आणि १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. ते परत आले. कान्हेरे यांच्या बाबतीत ही शक्यताच उरली नव्हती. मुक्तीनंतर भारतीय दंड संहिता गोव्यास लागू झाली आणि तिच्याबरोबर मृत्युदंडही गोव्याच्या कायद्यात परत आला.

संविधान सभा आणि १९४९ चे वर्ष

संविधान सभेत या विषयाला दोनदा तोंड फुटले. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी झेड. एच. लारी यांनी हिंसात्मक राजद्रोहाचा अपवाद ठेवून फाशी रद्द करावी, अशी दुरुस्ती मांडली. ती स्वीकारली गेली नाही. दुसरा प्रसंग अधिक महत्त्वाचा आहे. सर्वोच्च न्यायालयाला फौजदारी अपिले ऐकण्याचा अधिकार कितपत असावा, यावर चर्चा चालू असताना फाशीच्या प्रत्येक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाकडे अपिलाचा हक्क असावा, अशी मागणी काही सदस्यांनी केली. ३ जून १९४९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या चर्चेत भाग घेताना अशा सरसकट अपिलापेक्षा फाशीची शिक्षाच रद्द करण्याला आपण अधिक अनुकूल आहोत, असे सांगितले. या देशाचा अहिंसेवर सर्वसाधारणपणे विश्वास आहे, लोकांनी ती आचरणात आणली नसली तरी नैतिक आज्ञा म्हणून ती मानली आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा आधार होता.

या भाषणाचा उल्लेख फाशीविरोधी लेखनात पुष्कळदा येतो. त्याचा संदर्भ मात्र सहसा सांगितला जात नाही. आंबेडकर तेव्हा दयेविषयी किंवा गुन्हेगाराच्या सुधारणेविषयी बोलत नव्हते. चर्चा अपिलाची होती, म्हणजेच चूक दुरुस्त करण्याच्या व्यवस्थेची होती. फाशी ठेवायची तर प्रत्येक फाशीमागे देशातील सर्वोच्च न्यायालयाचा वेळ खर्ची घातला पाहिजे, आणि तो खर्च परवडत नसेल तर फाशी ठेवू नये, असा एक व्यवहारी निष्कर्ष त्या चर्चेतून निघतो. संविधान सभेने यातले काहीच पूर्णपणे स्वीकारले नाही. उच्च न्यायालयाने सुटकेचा निकाल फिरवून फाशी देण्यासारख्या मोजक्या प्रकरणांतच हक्काचे अपील, अशा मर्यादित स्वरूपात अनुच्छेद १३४ आले. राष्ट्रपती व राज्यपाल यांचे दयेचे अधिकार अनुच्छेद ७२ व १६१ मध्ये राहिले.

या भाषणानंतर अठरा दिवसांनी, २१ जून १९४९ रोजी, पूर्व पंजाब उच्च न्यायालयाने गांधी हत्येच्या खटल्यात नथुराम गोडसे व नारायण आपटे यांची फाशी कायम केली. गांधीजींचे पुत्र मणिलाल आणि रामदास यांनी दोघांचे प्राण वाचवावेत अशी विनंती केली होती. ती मान्य झाली नाही व १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथे फाशीची अंमलबजावणी झाली. संविधान स्वीकारले जाण्यास तेव्हा अकरा दिवस उरले होते. ज्या व्यक्तीच्या हत्येची ही शिक्षा होती तिचा स्वतःचा देहदंडाला विरोध होता, आणि तिच्या मुलांची इच्छाही तीच होती. पीडिताच्या वतीने फाशी मागणारा युक्तिवाद स्वतंत्र भारतात पहिल्यांदा कसोटीस लागला तेव्हा पीडिताचे म्हणणे विरुद्ध बाजूला होते, हे विसरता येणार नाही.

नियमाकडून अपवादाकडे

पुढील पंचवीस वर्षांत कायद्याने शांतपणे बाजू बदलली. १९५५ च्या दुरुस्तीने फाशी न दिल्याची कारणे नोंदविण्याचे बंधन काढून टाकले व काळ्या पाण्याच्या जागी जन्मठेप आली. संसदेत अधूनमधून ठराव येत राहिले. १९५८ मध्ये राज्यसभेत फाशी रद्द करण्याचा ठराव मांडणारे सदस्य होते पृथ्वीराज कपूर. चर्चेनंतर त्यांनी तो मागे घेतला. १९६२ च्या लोकसभेतील चर्चेनंतर हा विषय विधी आयोगाकडे गेला. आयोगाने १९६७ मध्ये दिलेल्या पस्तिसाव्या अहवालात फाशी कायम ठेवण्याची शिफारस केली. देशाचा विस्तार, लोकसंख्येतील विविधता, शिक्षण व नीतिमत्ता यांच्या पातळीतील तफावत आणि कायदा व सुव्यवस्था टिकविण्याची निकड पाहता फाशी रद्द करण्याचा प्रयोग भारताला परवडणार नाही, असे आयोगाचे मत होते. फाशीमुळे गुन्हे थांबतात असा निर्णायक पुरावा या युक्तिवादात नाही. आपला समाज अजून त्यायोग्य नाही, ही भूमिका आहे. आणि ती वसाहतकालीन भूमिकेपासून फारशी दूर नाही.

१९७३ च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने जुनी मांडणी पूर्ण उलटी केली. कलम ३५४(३) प्रमाणे आता फाशी देताना विशेष कारणे नोंदवावी लागणार होती आणि शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकावे लागणार होते. जन्मठेप हा नियम झाला, मरण हा अपवाद. मे १९८० मध्ये बचनसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा मताने फाशी घटनात्मक ठरविली, पण ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरती आणि अन्य पर्याय निःसंशय बंद झाला असेल तरच द्यावी असा दंडक घातला. गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करावा, आरोपी सुधारणार नाही हे शासनाने पुराव्याने दाखवावे, असे या निकालात आहे. न्यायमूर्ती भगवती यांचे मत वेगळे होते. शिक्षा ठरविताना न्यायाधीशांपुढे निश्चित निकष नसल्याने ती मनमानी होते आणि तिचा भार प्रामुख्याने गरिबांवर पडतो, हा त्यांचा आक्षेप होता.

१९८३ : एक वर्ष

मृत्युदंडाच्या भारतीय इतिहासात १९८३ चे वर्ष स्वतंत्रपणे अभ्यासण्यासारखे आहे. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या एका पीठाने वैथीश्वरन प्रकरणात फाशीच्या अंमलबजावणीस दोन वर्षांचा विलंब झाल्यास शिक्षा जन्मठेपेत बदलावी असे म्हटले. मार्चमध्ये दुसऱ्या पीठाने शेरसिंग प्रकरणात असा ठाम नियम मानण्यास नकार दिला. एप्रिलमध्ये मिठू प्रकरणात, जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केल्यास सक्तीने फाशी देणारे दंड संहितेचे कलम ३०३ घटनाबाह्य ठरले. जुलैमध्ये मच्छीसिंग निकालाने ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ या शब्दप्रयोगाला पाच प्रकारांची चौकट दिली आणि समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकबुद्धीला बसलेला धक्का हा निकष त्यात आणला. सप्टेंबरमध्ये गळफास ही पद्धत घटनेशी सुसंगत ठरली.

आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात जोशी-अभ्यंकर खून खटल्यातील चौघांना फाशी देण्यात आले.

१९७६-७७ मधील या खून मालिकेने पुणे शहर किती हादरले होते, हे त्या काळी पुण्यात असलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. एकूण दहा खून झाले. मृतांमध्ये संस्कृत व्याकरणाचे विद्वान काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह त्यांच्या घरातील पाच जण होते. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत. मारेकरी गुन्हेगारी वस्तीतले नव्हते. ते कलाशिक्षण घेणारे तरुण होते आणि त्यांच्यापैकी एक जण माफीचा साक्षीदार झाला. १९७८ मध्ये सत्र न्यायालयाने दिलेली फाशी वरच्या न्यायालयांनी कायम केली. फाशीच्या समर्थकांनी पुढे करावे असे प्रकरण निवडायचे तर ते हेच. गुन्हा शाबित होण्याविषयी गंभीर शंका नव्हती, क्रौर्य अपवादात्मक होते, गरिबी वा अन्यायाचा संदर्भ नव्हता. या प्रकरणापुरते मृत्युदंडाविरुद्ध बोलणे कठीण जाते, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तथापि कायदा एका प्रकरणासाठी होत नाही. मच्छीसिंगच्या निकषाने, म्हणजे समाजाला बसलेल्या धक्क्याने, जे जोशी-अभ्यंकर प्रकरणात अचूक ठरले तेच इतर ठिकाणी, जेथे धक्का तितकाच मोठा पण पुरावा कच्चा होता, तेथेही लागू होणार होते. धक्क्याची तीव्रता मृत्यूंच्या संख्येवरून मोजता येते; आरोपी खरा आहे की नाही हे तिच्यावरून कळत नाही.

पीडितांची बाजू

येथे खैरलांजीचा विचार टाळता येत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे या दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप सुनावली. मात्र अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा शाबित मानला नाही. जुलै २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने फाशीचे रूपांतर पंचवीस वर्षांच्या कारावासात केले. दलित समाजात यावर जी निराशा व्यक्त झाली ती केवळ सुडाची भाषा म्हणून बाजूला सारणे अन्याय्य ठरेल. शतकानुशतके ज्यांच्या मरणाला किंमत नव्हती त्यांच्यासाठी सर्वांत कठोर शिक्षा ही राज्याने दिलेल्या मान्यतेची खूण होती. याच समाजाच्या सर्वोच्च नेत्याने संविधान सभेत फाशी रद्द करण्याचा कल दर्शविला होता, हा विरोधाभास वरवरचा आहे. खैरलांजीतील खरी वेदना फाशी हुकल्याची जितकी होती, तितकीच किंबहुना अधिक, जातीय अत्याचार हे त्या गुन्ह्याचे नाव न्यायालयाने उच्चारले नाही याची होती. फाशी दिली असती तरी ते नाव मिळाले नसते. शिक्षेचे मान वाढवून तपासातील आणि निष्कर्षातील उणीव भरून निघत नाही.

२०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर शिक्षा वाढविण्याचा मार्ग शासनांनी वारंवार निवडला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक संमत करून बलात्काराच्या काही प्रकारांत फाशीची तरतूद केली, परंतु त्याला कायद्याचे रूप आले नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही मृत्युदंड कायम ठेवला आहे. दहशतवाद व देशाविरुद्ध युद्ध यांचा अपवाद सोडून फाशी रद्द करावी, ही विधी आयोगाच्या ऑगस्ट २०१५ मधील दोनशे बासष्टाव्या अहवालाची शिफारस कागदावरच राहिली. पस्तिसाव्या अहवालातील परिस्थिती आता बदलली आहे, असे त्या आयोगाने म्हटले होते.

घाई आणि विलंब

फाशीवरील जनमताची सर्वांत जुनी तक्रार विलंबाची आहे. कोल्हापूरच्या दोन बहिणींचे प्रकरण त्याचे ठळक उदाहरण आहे. बालकांचे अपहरण व खून या गुन्ह्यांसाठी २००१ मध्ये त्यांना फाशी झाली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, २०१४ मध्ये दयेचे अर्ज फेटाळले गेले, आणि अखेर जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शासनाच्या अक्षम्य दिरंगाईमुळे शिक्षा जन्मठेपेत बदलली. दयेचा अर्ज विनाकारण रखडला तर शिक्षा बदलता येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान प्रकरणात पंधरा कैद्यांच्या बाबतीत मान्य केले होते. शासकीय टेबलांवरील धूळ एखाद्याचा जीव वाचविते, हे न्यायाला शोभणारे नाही, असे कोणी म्हटले तर ते चुकीचे नाही. मग उपाय काय? फाशी लवकर द्यावी, हा लोकप्रिय उपाय आहे. त्याची परीक्षा पुढील दोन प्रकरणांत होते.

राजस्थानातील रावजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये शिक्षा ठरविताना गुन्हेगाराची परिस्थिती नव्हे तर गुन्ह्याचे स्वरूप पाहावे, असे मत दिले. बचनसिंग निकालाच्या हे सरळ विरुद्ध होते. मे १९९६ मध्ये, म्हणजे सुमारे पाच महिन्यांत, त्या कैद्याला फाशी झाली. या निकालाचा दाखला पुढे अनेक खटल्यांत घेतला गेला. १३ मे २००९ रोजी महाराष्ट्रातीलच बरियार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रावजी निकाल बंधनकारक पूर्वनिर्णयाकडे दुर्लक्ष करून दिला गेल्याचे मान्य केले आणि त्यावर विसंबलेल्या नंतरच्या निकालांची नोंद घेतली. ज्याच्या बाबतीत ही चूक पहिल्यांदा झाली तो तेरा वर्षांपूर्वीच गेला होता. २०१२ मध्ये निवृत्त न्यायाधीशांच्या एका गटाने राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा सदोष निकालांनी फाशीची शिक्षा झालेल्या तेरा कैद्यांचे प्राण वाचविण्याची विनंती केली.

या तेरांपैकी सहा जण महाराष्ट्रातील एकाच प्रकरणातले होते. जून २००३ मध्ये एका शेतवस्तीवर रात्री दरोडा पडून एकाच कुटुंबातील पाच जणांचा बळी गेला होता. पकडलेले सहा जण भटक्या जमातीतील मजूर होते. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी, बरियार निकालाच्या अवघे तेरा दिवस आधी, सर्वोच्च न्यायालयाने रावजीचा आधार घेत त्या तिघांचीही फाशी पुनर्स्थापित केली. कारण स्पष्ट होते. गुन्हा खरोखरच अमानुष होता आणि समाजाच्या सदसद्विवेकबुद्धीला धक्का देणारा होता. सहांपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन असल्याचे पुढे निष्पन्न झाले.

उच्च न्यायालयाने जीव वाचविलेल्या तिघांना सर्वोच्च न्यायालयाने फाशी दिली, तेव्हा त्यांच्यापुढे अपिलाचे कोणतेही दार नव्हते. सर्वोच्च न्यायालयावर न्यायालय नाही. उरत होती ती पुनर्विलोकन याचिका. पण ती त्या काळी न्यायमूर्तींच्या दालनात, वकिलाचे तोंडी म्हणणे न ऐकता, कागदांवरून निकाली निघत असे. १९४९ मध्ये अपिलाच्या हक्काविषयी जो प्रश्न संविधान सभेत उभा राहिला आणि अर्धवट सोडला गेला तो साठ वर्षांनी अशा प्रकारे परत आला. सप्टेंबर २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ प्रकरणात घटनापीठाने फाशीच्या पुनर्विलोकन याचिका खुल्या न्यायालयात, किमान तीन न्यायमूर्तींपुढे ऐकल्या जातील असा निर्णय दिला. त्यामुळे या सहांचे दार पुन्हा किलकिले झाले. २०१८ मध्ये न्यायालयाने २००९ चा स्वतःचा निकाल मागे घेतला आणि अपिले नव्याने ऐकली.

नव्याने ऐकताना तोच पुरावा वेगळा दिसू लागला. हल्ल्यातून वाचलेल्या साक्षीदार महिलेने घटनेनंतर लगेचच पोलिसांकडील छायाचित्रांच्या संग्रहातून चार माणसे ओळखली होती. ती चार माणसे या सहांपैकी नव्हती. त्या चौघांवर खटला चालला नाही. त्यांचा तपास का सोडून दिला याचे समाधानकारक उत्तर अभियोग पक्षाला देता आले नाही. हा कागद २००३ पासून तपासाच्या दप्तरात होता. २००९ मध्ये फाशी वाढविताना तो निर्णायक ठरला नाही, कारण तेव्हा न्यायालयाचे लक्ष गुन्ह्याच्या भीषणतेवर होते. ५ मार्च २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष मुक्त केले, प्रत्येकास पाच लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश राज्य शासनाला दिला आणि चूक करणाऱ्या तपास अधिकाऱ्यांविरुद्ध चौकशी करण्यास सांगितले.

२००९ ते २०१९ ही दहा वर्षे म्हणजे ज्या विलंबाविरुद्ध सभा होतात तोच विलंब. रावजीच्या वेगाने कार्यवाही झाली असती तर बरियार निकालाची शाई सुकेपर्यंत आणि आरिफ निकालाच्या कितीतरी आधी हे सहा जण येरवड्यात किंवा नागपुरात फाशी गेले असते. जून २००३ च्या त्या रात्रीचा खटला बंद झाला असता आणि साक्षीदार महिलेने बोट ठेवलेली चार छायाचित्रे दप्तरातच राहिली असती.

निकालानंतर हे सहा जण बाहेर आले तेव्हा अटकेला सुमारे सोळा वर्षे झाली होती. मृत कुटुंबाचे खरे मारेकरी कोण, हे न्यायालयापुढे शाबित झालेले नाही.